हँडल सोडायची वेळ

ऑईल इंजिनाचं हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. दांड्याला अंगठ्याचा विळखा घालायचा नाही. उभ्या नोकरीत मी लोकांना दुसरं काही शिकवलं असेल-नसेल, पण हे वाक्य शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या इतक्या विहिरींवर बोललोय, की आता झोपेतही बडबडतो अशी घरातून तक्रार असते. ज्यांनी ऐकलं त्यांचे हात धड राहिले. ज्यांनी ऐकलं नाही ते हाडवैद्याकडे गेले आणि हात गळ्यात अडकवून दुकानात येऊन मला म्हणाले, "मिस्त्री, तुमचं इंजिन लाथ मारतंय." इंजिन माझं नव्हतं, लाथही माझी नव्हती, पण शिव्या मात्र माझ्या वाट्याच्या.

मी शिरूरचा. वडील नालबंद होते, बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचे. दौंडला इंजिनं विकणाऱ्या एका दुकानात मी फिटर म्हणून लागलो, तेव्हा त्या भागात नुकती कुठे विहिरींवर इंजिनं बसायला लागली होती. म्हणजे बापाचं पोट बैलांवर आणि मुलाचं पोट बैल विकायला लावणाऱ्या यंत्रावर. तू माझी गिऱ्हाइकं खायला लागलास, असं वडील एकदा जेवताना म्हणाले. हसत म्हणाले होते, पण ती सगळी चेष्टा नव्हती आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आज बटण दाबलं की मोटर चालू होते, त्यामुळे त्या इंजिनाची रीत थोडी सांगायला हवी. पाच घोड्यांचं, एकाच सिलिंडरचं ते धूड. दोन बाजूंना दोन जड चाकं. त्यांच्या मधून जाणाऱ्या दांड्याच्या टोकाला हँडल लावायचं आणि हाताने फिरवायचं. आत दबलेली हवा एका माणसाच्या जोराला दाद देत नाही, म्हणून माथ्यावर एक छोटी कळ असते. ती उचलली की हवा बाहेर निसटते आणि चाकं हलकी फिरतात. चाकांनी चांगला वेग धरला की कळ खाली पाडायची. मग हवा दाबली जाते, डिझेल पेटतं, इंजिन ठोका देतं आणि धावत सुटतं. त्या क्षणी दांडा हँडलच्या पुढे पळतो आणि हँडल आपोआप सुटं होतं. ते ओढून घ्यायचं आणि मागे व्हायचं. बास, एवढंच.

या एवढ्यात दोन जागा वाईट. वेग यायच्या आत कळ पाडली तर इंजिन उलटा झटका देतं. अंगठा वेढलेला नसेल तर दांडा बोटं उघडून निघून जातो, वेढलेला असेल तर मनगट घेऊन जातो. आणि इंजिन सुरू झाल्यावरही जो हँडल सोडत नाही, त्याला ते स्वतःबरोबर फिरवतं.

कधीकधी उलट्या झटक्याने इंजिन उलटंच चालू पडायचं. शिरूरकडच्या एका मळ्यात असं झालं. धूर निघायचा नळकांड्यातून, तो निघायला लागला हवा आत घेणाऱ्या जाळीतून, आणि पाणी जेमतेम करंगळीएवढं. मालकाने इंजिन बंद केलं नाही. तसंच चालू ठेवून त्याने त्यावरून लिंबू उतरवलं, नारळ फोडला आणि मग मला बोलावणं धाडलं. मी जाऊन कळ उचलली, इंजिन थांबवलं, सरळ चालू केलं. मालक म्हणाला, "लिंबाचा गुण आला बगा, पर जरा उशिरा." मी सायकलवर टांग टाकली. असल्या माणसाशी वाद घालण्यात दिवस जातो.

पण हात मोडणारी बहुतेक माणसं अशी भोळी नव्हती. ती कामाची, ताकदीची माणसं होती, आणि हे मला बरीच वर्षं उमगत नव्हतं. उमगलं ते केडगावच्या बाजूला, एका झेंडूच्या मळ्यात.

मळा एका म्हाताऱ्या आबांचा होता. घरात आबा, त्यांचा एकुलता मुलगा किसन आणि सून भामा. बैलजोडी विकून त्यांनी आदल्या साली इंजिन घेतलं होतं. दसरा पंधरवड्यावर आला होता, झेंडू कळ्यांनी भरला होता, परतीचा पाऊस फिरकला नव्हता आणि किसनचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता. शेजारच्या मळ्यातला एकजण येऊन इंजिन चालू करून द्यायचा, पण स्वतःचं पाणी उरकल्यावर, म्हणजे भर दुपारी. त्या उन्हात पाणी दिलं की कळ्या गळतात. रात्रभर विहिरीत पाणी साठायचं, ते पहाटे उपसायला हवं होतं आणि पहाटे हँडल मारणारं कुणी नव्हतं. वर्षाचं पीक एका हँडलावर अडलं होतं.

मी पोचलो तेव्हा आबा इंजिनाच्या खोपीबाहेर बसले होते. रामराम झाला. पाणी विचारलं नाही. थेट म्हणाले, "न्या हे परत."

"का, काय झालं?"

"ह्येला ईमान न्हाई. बैल असा कवा पोराचा हात मोडतो व्हय?"

बैलसुद्धा मोडतो, वडिलांच्या हाताखाली मी पाहिलेलं होतं, पण ते बोललो नाही. इंजिन तपासलं. डिझेल ठीक, तेल ठीक, कळ ठीक. मग हँडल दांड्यावर लावून पाहिलं तर ते घट्ट बसलेलं, ओढूनही निघेना. जोर लावून काढलं आणि पाहिलं, तर दांड्याच्या टोकाला सुतळी गुंडाळलेली होती, नीट, एकावर एक वेढे देऊन.

"ही कुणी गुंडाळली?"

"म्याच," आबा म्हणाले. "हँडल ढिलं होतं. लटपटत होतं."

"आबा, ते ढिलंच असतं. ढिलं असलं म्हणजे इंजिन पळाल्यावर सुटतं."

"ढिली वस्तू कवा कामाची नसती, मिस्त्री." आबा तिरमिरून म्हणाले. "मी चाळीस वर्सं मोट हाकलीया. नाडा ढिला धरला आसता, तर आज तुमच्यासंगं बोलाय मी नसतो."

मी सुतळी हातात धरून उभाच राहिलो. मोट हाकताना माणूस नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर बसतो. बैल उतारावरून पळतात आणि विहिरीतून पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येते. तो नाडा मुठीतून निसटला तर माणूस गेला आणि बैलही गेले. म्हणून मोटकरी कुठलीही गोष्ट अंगठा वेढून, घट्ट धरतो, आणि काहीही झालं तरी सोडत नाही. आबांच्या हाताने चाळीस वर्षं तेच केलं, किसनने ते त्यांच्याकडून घेतलं. आणि मी, दुकानातला फिटर, त्यांना एका वाक्यात सांगून मोकळा होत होतो की सोडा. जो हात न सोडण्यावर जगलाय, तो सांगून सोडत नाही.

आबांनी उपरणं काढून खांबाला अडकवलं. "काढली ना सुतळी? आता मी मारतो हँडल."

"आबा, वय काय तुमचं?"

"तुमाला सोयरीक करायचीय का माजी?"

यावर मागे उभा असलेला किसन हसला आणि मीही हसलो, आणि त्या हसण्यात नको म्हणायची वेळ निघून गेली. मी अंगठा दाखवला, पकड दाखवली. इंजिन पळालं की सोडा, असं बजावलं. आबांनी मान डोलावली. कळ मी उचलून धरली. आबा फिरवायला लागले. जोर जबरदस्त होता त्या म्हाताऱ्यात, चाकांनी बघता बघता वेग घेतला. मी कळ पाडली. इंजिनाने ठोका दिला आणि पळालं.

आबांनी सोडलं नाही. उलट अंग घालून हँडल आणखी आत दाबलं, कारण हातातली वस्तू निसटू पाहतेय एवढंच त्यांच्या हाताला कळलं. इंजिनाने त्यांना अर्धा वळसा फिरवलं. मी कळ उचलली, चाकं लडखडून मंदावली आणि आबा खोपीच्या भिंतीला पाठ लागून खाली बसले.  हाड मोडलं नव्हतं, पण खांदा धरला होता. हँडल तरीही मुठीतच होतं आणि अंगठा त्याभोवती वेढलेला होता. किसनने डाव्या हाताने त्यांची बोटं एकेक करून उघडली.

"सोडायचं ध्येनातच आलं न्हाई," आबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

आम्ही घरात आलो. आबांच्या खांद्याला हळद-तेल लावलं. किसनने भामाला दळण उरकल्यावर चहा ठेवायला सांगितलं. मी दुकानाचा विचार करत होतो. रोज पहाटे दौंडहून येणं मला शक्य नव्हतं, आणि मालकाने पाठवलंही नसतं. इंजिन परत न्यावं तर मळ्यात बैल नव्हते आणि मोटही उंदरांनी कुरतडलेली. सोप्यात बसून मी हेच उलटसुलट करत होतो, आणि आत जातं चाललं होतं. भामा दळत होती. तिथून तिचा हात तेवढा दिसत होता.

मी त्या हाताकडे पाहत राहिलो. जात्याचा खुंटा फिरतो तो मुठीतल्या मुठीत. तो आवळून धरला तर तळहाताची सालटी निघतात. म्हणून बाया खुंटा नुसता हातात ठेवतात, अंगठा वर मोकळा, वळसा घालताना ओढायचा आणि पुढे गेला की हात सैल सोडायचा. दळण संपलं तेव्हा तिने हात काढून घेतला आणि जातं आपल्या वेगाने एक फेरा फिरून थांबलं. मी ज्यासाठी गावोगाव घसा कोरडा करत होतो ते या बाईच्या हातात लहानपणापासून होतं. तिच्याच कशाला, घरोघरी होतं. आणि आम्ही घरोघरी पुरुषांना हँडल देत होतो.

"किसनराव, कळ तुम्ही डाव्या हाताने पाडू शकाल?"

"पाडीन की. पर फिरवणार कोन?"

मी आतल्या बाजूला बोट केलं. किसनने आबांकडे पाहिलं. आबा भिंतीकडे पाहत होते.

"बाईमानसाचं काम न्हाई ते," आबा म्हणाले.

"दोन जणींचं दळण एकटी ओढतेय ती, आबा. ताकद कमी नाही आणि पकड तुमच्यापेक्षा बरी आहे."

हे बोलायला नको होतं कदाचित. पण मला राग आला होता, तो आबांचा नव्हता, माझा स्वतःचाच होता, की इतक्या वर्षांत मला हे सुचलं कसं नाही.  आत चहाच्या भांड्याचा आवाज थांबला होता, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

किसनच म्हणाला, "आबा, फुलं जातील हो."

आबांनी हुंकार दिला. तो होकार की नकार हे कळायला मार्ग नव्हता, पण ते उठून आमच्या मागोमाग विहिरीकडे चालायला लागले. मी तो होकार धरला.

भामा आली. अंगावर नऊवारी, काष्टा घट्ट, ते चांगलंच होतं. डोक्यावरून पदर. सासऱ्यांसमोर ती बोलत नव्हती, बोललीच तर किसनकडे पाहून बोलायची. मी कळ उचलून ठेवली आणि तिला नुसती चाकं फिरवायला सांगितली. तिने हँडल धरलं. अंगठ्याबद्दल मला एक शब्द बोलावा लागला नाही. चाकं फिरली, वेग घेतला, आणि मी "सोडा" म्हणालो तेव्हा हँडल आधीच दांड्यावरून काढून तिने हातात घेतलं होतं. दुसऱ्यांदा फिरवलं, तिसऱ्यांदा फिरवलं. किसन कळीपाशी उभा राहून तोंडाने मोजत होता.

आणि त्या तिसऱ्या वेळी वाकताना तिचा पदर खांद्यावरून घसरून चाकाच्या कडेला हेलकावला. मी ओरडून तिला मागे केलं.

कपडा हा इंजिनवाल्याचा पहिला शत्रू. धोतराचा सोगा, उपरणं, गळ्यातला रुमाल, काहीही लोंबतं चालत नाही. चाकाने टोक पकडलं की माणूस ओढला जातो, आणि तिथे कळ उचलायलाही वेळ नसतो. आबांनी आधी उपरणं काढलं होतं, ते म्हणूनच मला बरं वाटलं होतं.

"पदर कमरेला खोचावा लागेल, ताई," मी म्हणालो. "पूर्ण. डोक्यावर नको, खांद्यावर सैल नको."

तिने हँडल जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी पुढे ओढून घेतला. किसनकडे पाहून हळू म्हणाली, "मामंजी हायती."

 लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यासमोर तिचं डोकं उघडं पडलेलं नव्हतं. ते मी तिला करायला सांगू शकत नव्हतो, किसन सांगू शकत नव्हता, आणि आबांनी तर ते तोंडाने बोलणं शक्यच नव्हतं. पदर डोक्यावर असताना इंजिन चालू करू देणंही मला शक्य नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. पीक जळालं तर पुढच्या वर्षी येईल, पण हे मी होऊ देणार नाही. आमच्या घरातही बायकांचा पदर असतो, मला काय ते कळत नव्हतं असं नाही. पण चाकाला कळत नाही.

 किसनने एकदा खाकरून पाहिलं. झेंडूच्या रोपांची पानं सकाळीच मान टाकायला लागली होती.

आबा खांदा धरून खोपीच्या दाराशी उभे होते. ते पुढे आले. मला वाटलं, हँडल उचलून फेकतात आता. त्यांनी भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं. त्या मळ्यात मोटेच्या दिवसांपासून एक वहिवाट होती. गडी मोटेवर आणि बाई पाटावर, म्हणजे पाणी आलं की वाफ्यामागून वाफ्याचं दारं, म्हणजे तोंडाशी घातलेली माती, फोडायचं आणि बुजवायचं. पाणी धरणं हे आधी आबांच्या बायकोचं काम होतं, मग भामाचं झालं. आबांनी ते हयातीत कधी केलं नव्हतं.

खोरं चांगल्या खांद्यावर टाकून ते निघाले. जाताना माझ्याजवळ थांबले, पण बोलले ते तिला ऐकू जाईल असं.

"मी फुडं दाऱ्यावर जातो. पाणी आलं की मला पाटात दिसंलच. मागं वळून बगायचं काय कारन न्हाई."

आणि खरंच ते गेले. पाटाच्या कडेकडेने, पार शेवटच्या वाफ्यापर्यंत, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

भामाने पदर डोक्यावरून उतरवला, दोन्ही खांद्यांवरून आवळून कमरेला गच्च खोचला. बांगड्या कोपराकडे सारल्या. हँडल लावलं. पहिल्या खेपेला किसनने कळ लवकर पाडली आणि इंजिनाने उलटा झटका दिला. हँडल तिच्या बोटांतून निसटून टाणकन भिंतीवर आदळलं. तिचा हात धड होता. तिने तो उलटासुलटा करून पाहिला, किसनकडे रागाने पाहिलं, हँडल उचललं आणि पुन्हा लावलं. दुसऱ्या खेपेला इंजिन पळालं. हँडल तिच्या हातात होतं आणि ती मागे सरकून उभी होती. पंपाने दोनचार वेळा गुळण्या केल्या आणि मग पाणी सणसणत पाटात पडलं.

पाणी आबांच्या पायांपाशी पोचायला वेळ लागला. ते वाकले, दुखऱ्या खांद्याने कसंबसं पहिलं दारं फोडलं. मग तसेच पाठमोरे, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले, "मिस्त्री, काय तरी आदळलं मगाशी. हात शाबूत हाय का तिचा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी माझ्या शेजारून, आबांनी त्या घरात कधी ऐकला नसेल एवढ्या मोठ्या आवाजात भामा म्हणाली, "हाय, मामंजी."